कोपराचा मुका मार: तपासणी, नोंद आणि कोडिंग

पावसाळा सुरू होऊन पुण्याच्या रस्त्यांवर दुचाक्या घसरायला लागल्या की ओपीडीत एक वाक्य रोज कानावर पडतं: "काही नाही हो डॉक्टर, मुका मार आहे, गोळी द्या फक्त." बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण ते खरं आहे हे ठरवायचं कुणी? कोपर दुखतंय म्हणून आलेल्या माणसाने ते ठरवू नये आणि आपणही त्याच्या म्हणण्यावर विसंबून ते केसपेपरवर उतरवू नये.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले म्हणजे फॅमिली डॉक्टर, कॅज्युअल्टीतले रेसिडेंट आणि फिजिओथेरपिस्ट. दुसरे म्हणजे बीएचएमएस, बीपीटी, बी.फार्म. करून हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या ऑफिसांत मेडिकल कोडर म्हणून, म्हणजे केसपेपरवरच्या निदानाला ठरलेला कोड देण्याच्या कामावर, रुजू होणारी मुलंमुली. दोघांची गाठ सहसा पडत नाही. तरी एकाने दोन ओळींत उरकलेली नोंद दुसऱ्याच्या स्क्रीनवर येते आणि तिथे अडते. कोडरला पेशंट दिसत नाही, त्याला फक्त कागद दिसतो. कागदावर नसलेली गोष्ट त्याच्यासाठी घडलेलीच नसते. म्हणून तपासणी, नोंद आणि कोड ही तीन कामं मी इथे एकाच धाग्यात मांडतो आहे.

पायरी १: मार कसा लागला ते नीट विचारा

"कसं पडलात?" एवढं विचारून थांबू नका. हात टेकवून पडलात की थेट कोपरावर आपटलात, हे विचारा. तळहातावर भार आला तर तो जोर मनगटातून वर चढून रेडियसच्या डोक्यावर, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या छोट्या गोल हाडावर जातो. अशा वेळी वरून डाग नसतोच किंवा अगदी किरकोळ असतो, आणि आत बारीक फ्रॅक्चर असू शकतं. थेट टोकावर आपटल्यास ओलेक्रॅनॉनचा, म्हणजे कोपराच्या मागच्या टोकाच्या हाडाचा विचार आधी करायचा.

पुढचा प्रश्न औषधांचा. आपल्याकडे "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" असं विचारलं की लगेच कळतं. आजी-आजोबा मात्र पुष्कळदा "बीपीची आणि हृदयाची गोळी आहे" एवढंच सांगतात. त्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा ॲपिक्साबॅन असू शकतं. गोळ्यांचा डबा किंवा रिकामी स्ट्रिप मागून घ्या. वॉरफरिनवर असलेल्या माणसाच्या कोपराला बारीकसा धक्का लागून सूज वाढत चालली असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघायलाच हवा.

काहीच लागलं नाही आणि तरी डाग आला, असं कुणी सांगितलं तर तिथे थांबा. लहान मुलग्याचा कोपर किरकोळ कारणाने किंवा कारणाशिवाय गरम होऊन टम्म सुजला तर हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, मनात यायला हवा. गुडघा आणि घोट्याबरोबर कोपर हा त्या आजारात वारंवार रक्त साठणारा सांधा आहे. उतारवयात त्वचा पातळ झाल्यामुळे हातावर आपोआप येणारे जांभळे डाग वेगळे. त्यांना मुका मार म्हणायचं नाही आणि त्यांचा कोडही वेगळ्या गटात जातो.

आणखी एक गोष्ट अवघड असली तरी टाळायची नाही. अंगावर येणारा फटका चुकवायला माणूस हात वर करतो, तेव्हा मार कोपराच्या आणि पुढच्या हाताच्या करंगळीकडच्या बाजूला बसतो. "दारावर आपटले" असं सांगणाऱ्या बाईच्या हातावर त्या जागी एकाहून जास्त, वेगवेगळ्या रंगांचे डाग दिसले तर सोबतच्यांना बाहेर बसवून तिच्याशी शांतपणे बोला. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात लिहा. न रांगणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अंगावर कुठेही डाग दिसला तर तो "पडलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. चार महिन्यांखालच्या बाळाच्या बाबतीत तर कुठलाही डाग सखोल तपासणी मागतो. जे बाळ स्वतः सरकत नाही, ते आपटणार कसं?

पायरी २: बघा, चाचपा, हलवा

दोन्ही बाह्या वर करायला लावा. दुखऱ्या कोपराची तुलना दुसऱ्या कोपराशीच होते. डाग कुठे आहे, केवढा आहे, त्वचा फाटली आहे का, सूज नेमकी कुठे आहे, हे आधी हात न लावता बघा.

डाग कोपराच्या पुढच्या खोबणीत असेल आणि पेशंट चाळिशी-पन्नाशीतला पुरुष असेल, सिलिंडर किंवा कपाट उचलताना "टक्कन काहीतरी तुटलं" असं सांगत असेल, तर तो बायसेप्सचा खालचा स्नायुबंध तुटल्याचा डाग असू शकतो. त्याला मुका मार समजून घरी पाठवलं तर शस्त्रक्रियेची योग्य वेळ हातातून जाते. कोपराच्या टोकावर अंड्याएवढी मऊ, पाणी भरल्यासारखी सूज असेल तर ती ओलेक्रॅनॉन बर्सायटिस, म्हणजे त्या हाडावरच्या पातळ पिशवीची सूज. ती सूज लाल, गरम असेल आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग धरून चालायचं. दीड-दोन वर्षांचं मूल, कुणीतरी हाताला धरून उचललं, आता तो हात हलवतच नाही, पण सूज नाही, डाग नाही: हे बहुतेक वेळा रेडियसचं डोकं सरकलेलं असतं. त्यावर लेप लावत बसू नये.

मग बोटाने चाचपा. क्रम ठरवून ठेवा म्हणजे काही सुटत नाही: मागचं टोक, आतला एपिकॉन्डाइल (कोपराच्या बाजूचा हाडाचा उंचवटा), बाहेरचा एपिकॉन्डाइल, रेडियसचं डोकं. रेडियसच्या डोक्यावर अंगठा ठेवून पेशंटचा तळहात वर-खाली फिरवायचा, म्हणजे ते अंगठ्याखाली फिरताना जाणवतं. तिथे कळ आली तर फ्रॅक्चरचा संशय घ्या. कोपर काटकोनात वाकवला की मागचं टोक आणि दोन्ही एपिकॉन्डाइल मिळून त्रिकोण होतो आणि हात सरळ केला की तिन्ही एका रेषेत येतात. हा त्रिकोण बिघडला असेल तर सांधा निखळलेला असू शकतो.

यानंतरची चाचणी अगदी सोपी आहे आणि गर्दीच्या ओपीडीत तिच्याइतकी उपयोगी दुसरी मला माहीत नाही. पेशंटला बसवा, दोन्ही हात समोर, तळवे वर, आणि दोन्ही कोपर पूर्ण सरळ करायला सांगा. दुखरा कोपर दुसऱ्याइतका पूर्ण सरळ झाला तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता खूप कमी होते. ब्रिटनमध्ये मोठी माणसं आणि मुलं दोघांवर या चाचणीचा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हात पूर्ण सरळ करू न शकणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना फ्रॅक्चर निघालं होतं. सरळ करू शकणाऱ्यांमध्ये ते क्वचित होतं, पण अजिबात नव्हतं असं नाही. त्यामुळे हात सरळ होतोय म्हणून मागच्या टोकावरची नेमकी कळ दुर्लक्षित करू नका. सात ते दहा दिवसांत दुखणं ओसरलं नाही तर परत या, हे प्रत्येकाला सांगा. आणि सांगितलंत हे लिहूनही ठेवा.

शेवटी नसा आणि रक्तप्रवाह. मनगटाची नाडी बघा, बोटांचा रंग बघा. अंगठा वर करायला सांगा, अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायला सांगा, बोटं फाकवायला सांगा. या तीन हालचालींत तीन नसांची चाचणी होते. आतल्या एपिकॉन्डाइलच्या मागून अल्नर नस अगदी वरवरून जाते, म्हणून तिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. त्या काही वेळात थांबतात. थांबल्या नाहीत, किंवा करंगळी बधिर राहिली, तर ती वेगळी इजा समजून स्वतंत्र नोंद करायची. वेदना दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच जास्त असेल, पुढचा हात दगडासारखा घट्ट लागत असेल आणि बोटं नुसती ताणली तरी पेशंट कळवळत असेल, तर ती कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तप्रवाह अडण्याची, धोक्याची घंटा आहे. अशा माणसाला तडक ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवा.

पायरी ३: एक्स-रे कधी आणि त्यात काय बघायचं

हात सरळ होत नाही, हाडावर नेमकी कळ आहे, आकार बदललाय, नस किंवा नाडीत गडबड आहे, पेशंट लहान मूल आहे आणि हात वापरतच नाही: अशा वेळी एक्स-रे काढा. समोरून आणि बाजूने, बाजूचा फोटो कोपर काटकोनात ठेवून. बाजूच्या फोटोत ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागे काळी पट्टी दिसली तर ती मागची चरबीची गादी वर उचलली गेली आहे, म्हणजे सांध्यात रक्त किंवा पाणी साठलं आहे. फ्रॅक्चरची रेषा दिसली नाही तरी ते आहे असं धरून चालावं. मोठ्यांत बहुधा रेडियसच्या डोक्याचं, मुलांत कोपराच्या वरच्या भागाचं. स्लिंग द्या, दहा-चौदा दिवसांनी फोटो पुन्हा काढा. अशा पेशंटच्या कागदावर "कंट्यूजन" (मुका मार) लिहून मोकळं होऊ नका.

घरी काय सांगायचं

पहिले दोन-तीन दिवस बर्फ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. स्लिंग दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको, कारण कोपर हा फार लवकर आखडणारा सांधा आहे. आंबेहळदीचा लेप लावू का, असं बहुतेक घरांतून विचारलं जातं. त्वचा अखंड असेल तर हलक्या हाताने लावलेल्या लेपावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो रगडून केलेल्या मालिशीवर आणि जोर लावून हात सरळ करून घेण्यावर. ताज्या माराच्या कोपराला असं चोळलं तर स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो. हे पेशंटला आणि सोबतच्या नातेवाइकालाही स्पष्ट सांगा, कारण हाडवैद्याकडे जायचा निर्णय बहुधा घरातलं मोठं माणूस घेत असतं.

डागाचा रंग आणि एमएलसी

रस्ता अपघात, मारामारी किंवा संशयास्पद इजा असेल तर ती मेडिको-लीगल केस (एमएलसी), म्हणजे पोलिसांना कळवायची केस होते. अशा वेळी "डाग किती जुना?" हा प्रश्न येतो. आपल्या अभ्यासक्रमात रंगांचा क्रम शिकवतात: आधी लाल, मग पहिले दोन-तीन दिवस निळा, चौथ्या दिवसाच्या आसपास निळसर काळा ते तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, सातव्यापासून बाराव्यापर्यंत पिवळा, दोनेक आठवड्यांत नाहीसा. क्रम ढोबळमानाने बरोबर आहे, पण त्यावरून तारीख ठरवणं धोक्याचं आहे. वय, त्वचेचा रंग, माराची खोली, औषधं या सगळ्यांनी वेग बदलतो. खोलवरचा मार एक-दोन दिवसांनी वर दिसतो आणि गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली उतरून डाग मार लागलेल्या जागेपासून दूरही उमटतो. दंडावर बसलेल्या फटक्याचा डाग कोपराशी सापडू शकतो. म्हणून रंग लिहा, तारखेचा निकाल देऊ नका. "सांगितलेल्या वेळेशी सुसंगत" किंवा "विसंगत" एवढंच लिहिणं सुरक्षित आणि प्रामाणिक असतं.

एक्स-रेचं कायदेशीर वजनही लक्षात घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं किंवा निखळणं ही गंभीर दुखापत ठरते. फ्रॅक्चर नसलेला मुका मार साधी दुखापत. पण त्याने माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा नेहमीची कामं करू शकला नाही, तर तोही गंभीर गटात जातो. आधीच्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. पहिल्याच दिवशी घाईने "साधी" असा शेरा मारून सही करण्यापेक्षा एक्स-रेचा रिपोर्ट येईपर्यंत मत राखून ठेवा.

फोटो काढायचा तर संमती घेऊन, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक दुरून आणि एक जवळून. तो फोटो वैयक्तिक फोनच्या गॅलरीत आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर राहता कामा नये.

पायरी ४: नोंद

"आर.टी. एल्बो इंजुरी, औषध दिलं." अशी नोंद (आर.टी. म्हणजे राइट, उजवा) कुठल्याही दवाखान्यात सापडेल. यातून कुणालाच काही कळत नाही: पुढच्या डॉक्टरला नाही, पोलिसांना नाही, विमा कंपनीला नाही, कोडरला तर नाहीच. खाली एक काल्पनिक नमुना दिला आहे. केसपेपर आपण इंग्रजीत लिहितो, पण मजकूर असाच हवा:

"स्त्री, वय ५२, उजवा हात वापरणाऱ्या. आज सकाळी ९ च्या सुमारास कर्वे रस्त्यावर स्वतः स्कूटर चालवत असताना ओल्या रस्त्यावर घसरून थेट उजव्या कोपरावर पडल्या. दुसऱ्या वाहनाशी धडक नाही. हेल्मेट होतं, डोक्याला मार नाही, शुद्ध हरपली नाही. रक्त पातळ करणारी औषधं नाहीत. तपासणी सकाळी ११ वाजता: उजव्या कोपराच्या मागच्या बाजूला ओलेक्रॅनॉनवर ४ × ३ सेंमी लालसर निळा डाग, त्वचा अखंड, माफक सूज, स्पर्शाला दुखरं. दोन्ही एपिकॉन्डाइल आणि रेडियल हेड दुखरे नाहीत. हालचाल ० ते १३० अंश, शेवटी दुखतं. पूर्ण सरळ होतो. तळहात फिरवणं दोन्ही बाजूंना पूर्ण. नाडी चांगली, तिन्ही नसांचं काम ठीक. एक्स-रे दोन बाजूंनी: फ्रॅक्चर नाही, मागची चरबीची गादी दिसत नाही. निदान: उजव्या कोपराचा कंट्यूजन. बर्फ, पॅरासिटामॉल, दोन दिवस स्लिंग, मालिश नको असं सांगितलं. बधिरपणा, वाढती सूज, ताप किंवा आठवड्यात फरक नाही तर परत येणे. एमएलसी नोंद केली."

बाजू, जागा, माप, रंग, त्वचेची अवस्था, कारण, वेळ, काय तपासून नाही असं ठरवलं, आणि निदान. यातलं "काय नाही" हे लिहायचा कंटाळा सगळ्यांत जास्त केला जातो, आणि उद्या वाद झाला तर तेच वाक्य डॉक्टरच्या बाजूने उभं राहतं. त्वचा खरचटली असेल तर तेही वेगळं लिहा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची विचारणा नोंदवा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायची असतात आणि पेशंटने मागितली तर बहात्तर तासांत द्यायची असतात.

पायरी ५: कोड

आता कोडरकडे येऊ. कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत, सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच ते रोमन अक्षरांत टाकायचे.

भारतातल्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१०, म्हणजे आजार आणि इजांच्या कोडची यादी, वापरतात. तिथे कोपराच्या कंट्यूजनचा कोड एस५०.०. उजवा-डावा असा फरक त्यात नाही. वरच्या नमुन्यात बाह्य कारणाचा कोड व्ही२८.४ येईल: धडक न होता मोटरसायकल चालकाला रहदारीत झालेली इजा. स्कूटर आणि मोपेड या वर्गीकरणात मोटरसायकलमध्येच धरतात. रिक्षातून पडलेल्याचा कोड मात्र तीनचाकीच्या गटात, व्ही३० ते व्ही३९ मध्ये शोधायचा. आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, तरी बहुतेक रुग्णालयांचं रोजचं काम अजून दहाव्या आवृत्तीवर चालतं.

पुण्यातल्या कोडिंग कंपन्यांचं बरंचसं काम अमेरिकन रुग्णालयांचं असतं. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही अमेरिकन आवृत्ती चालते आणि तिचे कोड सात अक्षरांपर्यंत जातात. कोपराचा कंट्यूजन:

एस५०.०१एक्सए: उजवा, सक्रिय उपचार
एस५०.०२एक्सए: डावा, सक्रिय उपचार
एस५०.००एक्सए: बाजू लिहिलेली नाही

सहाव्या जागेवरचा एक्स ही फक्त भरलेली रिकामी जागा आहे. ती गाळली की सातवं अक्षर सहाव्या जागी येतं आणि विम्याचा क्लेम परत येतो. दोन्ही कोपरांना मार असेल तर "दोन्ही" असा एकच कोड नाही, उजव्याचा आणि डाव्याचा असे दोन द्यायचे.

इंडेक्समध्ये "ब्रूझ" किंवा "हिमॅटोमा" शोधलं तरी, त्वचा अखंड असेल तर, ते तुम्हाला कंट्यूजनकडेच पाठवतं. त्वचा उघडी असेल तर मार्ग बदलतो: खरचटणं असेल तर उजव्यासाठी एस५०.३११ए, उघडी जखम असेल तर एस५१.० चा गट. डाग कोपराखाली पुढच्या हातावर असेल तर एस५०.११एक्सए. म्हणूनच डॉक्टरने जागा नेमकी लिहायला हवी. बर्सायटिस एम७०.२१, आणि तो इजेच्या प्रकरणातच नाही.

सातव्या अक्षरात नवे कोडर हमखास चुकतात. "ए" म्हणजे पहिली भेट असं पाठ केलेलं असतं. खरा अर्थ सक्रिय उपचार. पेशंट आधी एका डॉक्टरकडे जाऊन आला आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याने उपचार सुरू केले, तरी "ए" येऊ शकतो. बरं होत असताना नुसत्या तपासणीला आला तर "डी". मार बरा झाला पण कोपर आखडलेला राहिला तर आधी आखडण्याचा कोड, उजव्यासाठी एम२५.६२१, आणि त्यामागे एस५०.०१एक्सएस. इथे शेवटचा "एस" म्हणजे इजेचा मागे राहिलेला परिणाम.

आणखी तीन नियम पक्के करा. त्याच जागी फ्रॅक्चर किंवा मोठी इजा असेल तर कंट्यूजन वेगळा कोड करत नाहीत. फ्रॅक्चरबरोबर डाग असणारच. ओपीडीच्या चार्टमध्ये "संशय", "शक्यता", "रूल आउट" लिहिलेलं निदान कोड करायचं नाही, जे खात्रीने लिहिलंय तेच करायचं. फक्त दुखणंच लिहिलं असेल तर उजव्या कोपराचं दुखणं एम२५.५२१. आणि वॉरफरिन किंवा ॲपिक्साबॅनसारखं रक्त पातळ करणारं औषध दीर्घकाळ चालू असेल तर झेड७९.०१ जोडा, पण औषधामुळे रक्तस्राव झाला असा निष्कर्ष तुम्ही काढू नका. तो संबंध डॉक्टरने लिहिला असेल तरच डी६८.३२ चा विचार होतो.

बाह्य कारणाचा कोड कधीच पहिला येत नाही. अमेरिकेत तो सगळीकडे सक्तीचा नाही, पण माहिती असेल तर द्यावा. घसरून पडणं डब्ल्यू०१.०एक्सएक्सए, न पडता चालताना भिंतीवर आपटणं डब्ल्यू२२.०१एक्सए. जागेचा वाय९२ गटातला कोड फक्त सुरुवातीच्या भेटीत एकदाच: अपार्टमेंटमधलं बाथरूम असेल तर वाय९२.०३१.

एक्स-रेचा कोड वेगळ्या पुस्तकात, म्हणजे तपासण्या आणि उपचारांच्या सीपीटीत मिळतो: कोपराचे दोन फोटो ७३०७०, किमान तीन असतील तर ७३०८०, आणि बाजूसाठी आरटी (उजवी) किंवा एलटी (डावी) हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची खूण. ऑर्डर तीनची आणि रिपोर्टमध्ये दोनच, तर दोनचाच कोड. सीएमची यादी दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलते, त्यामुळे भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या तक्त्यावर विसंबू नका.

आता "आर.टी. एल्बो इंजुरी" या नोंदीकडे परत बघा. कोडरला त्यातून कंट्यूजन म्हणता येत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे, नर्सच्या नोटमध्ये "निळा डाग" लिहिलाय, तरी निदान त्याने स्वतः बनवायचं नसतं. त्याच्या हाती उरतो एस५९.९०१ए: उजव्या कोपराची अनिर्दिष्ट इजा. ज्या डॉक्टरने पंधरा मिनिटं नीट तपासलं, त्याचं काम या कोडमध्ये दिसतच नाही.

क्वेरी कशी पाठवायची

अशा वेळी कोडरने अंदाज न करता डॉक्टरला क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा लेखी प्रश्न, पाठवावी. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. "हा कंट्यूजनच आहे ना, कन्फर्म करा" हे चूक. बरोबर असं: "नर्सच्या नोंदीत उजव्या कोपरावर ४ × ३ सेंमी निळा डाग, त्वचा अखंड, असा उल्लेख आहे. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. तुमच्या नोंदीत ‘इंजुरी’ असं निदान आहे. तपासणीवरून इजेचं स्वरूप कृपया स्पष्ट करावं: कंट्यूजन, स्प्रेन, बर्सायटिस, इतर काही, की सांगता येत नाही." पर्याय चार्टमधल्या पुराव्याला धरून असावेत, आणि "इतर" व "सांगता येत नाही" हे दोन्ही ठेवायचेच. पैशाचा किंवा क्लेमचा उल्लेख क्वेरीत अजिबात नको.

डॉक्टरांनी उत्तर देताना जुनी ओळ खोडून किंवा बदलून लिहू नये. खाली नवी पुरवणी नोंद करावी, त्यावर उत्तर दिलं त्या दिवसाची तारीख, वेळ आणि सही घालावी. एमएलसीच्या कागदावर तर हे आणखीच कडक पाळायचं, कारण तो कागद काही वर्षांनी शिवाजीनगरच्या कोर्टात उघडला जाऊ शकतो आणि तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या डॉक्टरकडे आठवण म्हणून तेवढाच असतो.